फुकट वाटलेला आवाज

१

शेपूट ओरडला नाही, म्हणून कोणाला काही कळलंच नाही. ओरडायला जे लागतं, ते तोवर त्याच्याकडे उरलं नव्हतं.

सरावाच्या खोलीत तो दोन्ही हातांनी गळा धरून फरशीवर पाय झाडत होता आणि भिंतीपलीकडच्या बैठकीत चार माणसं तावातावाने भांडत होती. विषय त्याच्या मोठ्या भावाच्या नव्या गाण्यांचा. ती लोकांना फुकट द्यावीत की देऊ नयेत? सकाळचे दहा वाजून गेल्यावर रेकॉर्डिस्ट कसल्याशा वायरीसाठी आत गेला, तेव्हा त्याला शेपूट दिसला. ओठांभोवतीची कातडी पांढरी पडलेली, शेजारी थर्मास आडवा, पाणी सांडलेलं. त्याला उठवताना रेकॉर्डिस्टचा हात त्या पाण्यात टेकला आणि तळव्याला आग लागली. तेव्हा कुठे स्टुडिओच्या त्या बंगल्यात पहिली किंकाळी उठली, तीही रेकॉर्डिस्टची.

मोठ्या भावाला सगळा देश 'दादा' म्हणायचा. तीस वर्षं घराघरात त्याचाच आवाज होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो दहा नवी गाणी जगाला फुकट देणार होता. ना विक्री, ना वर्गणी. "लोकांनी मला मोठं केलं, आता मी त्यांचं त्यांना परत देतोय," असं तो म्हणाला होता, आणि पेपरवाल्यांनी त्याला देवमाणूस करून टाकलं होतं.

धाकट्याचं खरं नाव फार कोणाला आठवत नव्हतं. दादाची बॅग उचलायची, माइक लावायचा, दहा पावलं मागून चालायचं. एकदा भर स्टेजवर दादाच म्हणाला होता, "हा माझा भाऊ, म्हणजे माझं शेपूट!" हजार माणसं हसली. धाकटाही हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

पायरीवर उभा राहून दादा वार्ताहरांसमोर रडत होता. "तो थर्मास माझा होता हो! रोज सकाळी मी त्या पाण्याने गुळण्या करतो. आज बोलत बसलो, तेवढ्यात त्याने चुकून उचलला. माझं मरण माझ्या भावाने अंगावर घेतलं."

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाई गर्दीच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. बाई पन्नाशीच्या, बुटक्या आणि गाण्याच्या बाबतीत ठार बहिऱ्या. राष्ट्रगीत सुरू झालं, तरी लोक उभे राहिले की मगच त्यांना कळायचं. बरोबरचा हवालदार मात्र दादाचा भक्त; त्याचे डोळे पायरीवरच्या दादापेक्षा जास्त वाहत होते.

"बाई, देवमाणसावर कोण उठलं असेल हो?"

"नाक पूस आधी," बाई म्हणाल्या.

संडासात मोरी साफ करायच्या दाण्यांचा डबा सापडला. मिठासारखे पांढरे दाणे. पाण्यात विरघळले की वासही येत नाही. डबा अर्धा रिकामा होता. सकाळपासून तिथे पाच माणसं होती आणि संडासाला कुलूप नव्हतं.

दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "जगेल. पण आवाज गेला."

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांचा प्रश्नच नाही बाई. साधी कुजबुजसुद्धा निघणार नाही."

२

संशय घ्यायला माणूस तयारच होता. छोट्या कलाकारांच्या संघटनेचा पुढारी, एक व्हायोलिनवाला. आठवड्यापूर्वी भर सभेत त्याने म्हटलं होतं, "या माणसाचा गळा कायमचा बंद पडायला हवा." ते वाक्य पेपरात छापून आलं होतं.

"म्हणालो होतो," त्याने लगेच कबूल केलं. "आणि आज घडलं ते ऐकून क्षणभर बरंही वाटलं. मग कळलं, जळलं ते शेपूट. तेव्हा वाईट वाटलं."

"फुकट गाण्यांचा एवढा राग?"

"तुम्ही पगारी माणूस, तुम्हाला नाही कळायचं. त्याचं पोट भरलंय, तो वाटतोय. दानशूर! पण त्याने वाटलं की उद्या माझ्या दारात आलेला माणूस म्हणणार, दादा फुकट देतो आणि तू कोण लागून गेलास? सूर्याने उजेड फुकट द्यावा हो, पण मग पणतीवाल्याने काय करायचं?"

"आज इथे कशाला आला होतात?"

"हात जोडायला. निदान थोडी तरी किंमत लाव म्हणून. पण तो ऐकेना. म्हणे, कला विकणं पाप आहे. तीस वर्षं पाप करून झाल्यावर आठवलं त्याला."

"सरावाच्या खोलीत गेला होतात?"

"संडासला जाताना दारावरून गेलो. शेपूट तेव्हा आत नव्हता, खाली फाटक उघडायला गेला होता. थर्मास खिडकीत होता." तो थांबला. "हे सांगून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला ना?"

"पाडलात खरा," बाई म्हणाल्या.

दुसरी होती गाण्याच्या कंपनीची व्यवस्थापक, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली एक बाई. दादाची मागची सगळी गाणी तिच्याच कंपनीने विकली होती.

"तुमचं तर सगळ्यात मोठं नुकसान," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणूनच मी करणार नाही. आमच्या करारात एक साधं कलम आहे. गाणी आम्ही विकायची, आणि मग त्यांनी वर्षभरात वीस शहरांत ती स्टेजवर गायची. आम्हाला तो गळा धडधाकट हवा होता. तो जाळून मला काय मिळणार? राख?"

"आणि फुकट दिली तर?"

"तर करारच नाही. वीस सोडा, एकही कार्यक्रम नाही. मी आज त्यांना म्हटलं, बरं, पाच करा. ते म्हणाले, नाही. एक करा. तर उठून उभे राहिले. तीस वर्षं माइकसमोरून ज्याला ओढून न्यावं लागायचं, तो माणूस एक कार्यक्रम करायला तयार नाही."

इन्स्पेक्टरबाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि विचारलं, "शेवटचं कधी गायले ते लोकांसमोर?"

व्यवस्थापक बोटांवर महिने मोजत गेली आणि दोन्ही हातांची बोटं संपली. मग तिचा चेहरा बदलला.

३

रेकॉर्डिस्टच्या हाताला पट्टी होती आणि कपाळावर घाम.

"ही दहा गाणी तूच रेकॉर्ड केलीस?"

"नाही. वाद्यं मी केली. गायच्या वेळी दादा सगळ्यांना बाहेर काढायचे. आत फक्त ते आणि शेपूट. मशीन शेपूटच चालवायचा. मला थेट तयार गाणं मिळायचं."

"आधी असं व्हायचं?"

"आधी तर दादांना गाताना समोर माणसं लागायची. दहा-बारा तरी. वाहवा करायला."

गायच्या खोलीत मधोमध एकच माइक उभा होता. स्टँडचा खटका काळ्या चिकटपट्टीने पक्का गुंडाळलेला.

"हे कशाला?"

"उंची हलू नये म्हणून. दहाही गाणी एकाच उंचीवर झालीत. पट्टी शेपटाने लावली, पहिल्या दिवशी."

बाई माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. माइक बरोबर त्यांच्या ओठांसमोर आला. मग त्यांनी भक्त हवालदाराला पुढे ढकललं. तो दादाएवढाच, सहा फुटी. माइक त्याच्या छातीच्या बटणाशी आला.

"दादा बसून गात असतील," रेकॉर्डिस्ट घाईने म्हणाला.

"मग माइक आणखी खाली हवा. आणि खुर्ची कुठे आहे?"

"खुर्ची... करकरते म्हणून या खोलीत ठेवतच नाही."

"म्हणजे इथे माझ्याएवढ्या उंचीचं कोणीतरी उभं राहून दहा गाणी गायलं." बाई वळल्या. "शेपटाची उंची किती रे?"

रेकॉर्डिस्टने पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला आणि हळू म्हणाला, "बाई, मला दोन मुलं आहेत. या धंद्यात दादांच्या विरुद्ध बोललेल्या माणसाला पुन्हा काम मिळत नाही. मला ऐकू येतं, पण मी ऐकलेलं नाही."

४

दवाखान्यात शेपटाची बायको बाकावर बसली होती. सकाळपासून तिला कोणी काही विचारलं नव्हतं. दादांच्या घरी ती आली की लोक चहाचं सांगायचे.

"तुमच्या नवऱ्याने दादांचा थर्मास का उचलला?"

"दादांचा?" ती चमकली. "थर्मास आमचा आहे. मुलीचा शाळेतला. झाकण हरवलं म्हणून मी त्यावर वाटी बसवली होती. सकाळी मीच भरून दिला. कोमट पाणी आणि मीठ."

"नक्की?"

"नऊ वर्षं घासतेय मी तो, बाई."

"जो माणूस गात नाही, त्याला रोज मिठाच्या गुळण्या कशाला लागतात?"

तिने आतल्या दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीतून यंत्राचा श्वास ऐकू येत होता.

"मी कोणाला सांगणार नाही म्हणून मुलीची शपथ घातलीय यांनी."

"शपथ घालणाऱ्याला आता काही बोलता येणार नाही. तुम्हीच बोला."

मग ती बोलली. अकरा महिन्यांपूर्वी दादा विश्रांतीला म्हणून परदेशी गेले. आले ते गळ्यापर्यंत बटणं लावूनच. घरातसुद्धा. त्यानंतर दादांनी भावाला बोलावून घेतलं. दोघांचा आवाज लहानपणापासून एकसारखा. दादांनी त्याला कधी कोणासमोर गाऊ दिलं नव्हतं, एवढंच. 'माझा वरचा सूर थोडे दिवस लागत नाहीये, तेवढ्यापुरता तू गा,' असं दादा म्हणाले होते.

"आणि ते गायले?"

"बाई, हे पहिल्या दिवशी घरी आले ना, तेव्हा जेवलेसुद्धा नाहीत. नुसते हसत बसले होते. चाळीस वर्षांचा माणूस." तिने पदराने तोंड दाबलं. "काल मात्र ते दादांना म्हणाले, फुकट द्यायचं तर जरूर देऊ. पण आपलं असेल तेच माणसाने फुकट द्यावं. निदान एका गाण्यावर माझं नाव घाल. दादांनी त्यांना मिठी मारली. म्हणाले, उद्या बोलू."

"हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी पुन्हा गाऊन दाखवल्याशिवाय आवाज कोणाचा ते कसं ठरणार?"

"आईंना विचारा," ती म्हणाली. "सासूबाईंना दोघांचा खोकलासुद्धा वेगळा कळतो. त्यांच्यासमोर खोटं नाही चालायचं."

५

आई मोठ्याकडे, त्याच्या राहत्या घरी असायची. खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून ती स्वेटर विणत बसली होती. दुसरा दिवस उजाडला होता, बाराचे ठोके पडून गेले होते आणि गाणी जगभर सुटली होती. समोरच्या दुकानातही तीच लागली होती.

बाईंनी फोनवर पहिलं गाणं लावलं आणि म्हातारीच्या कानाजवळ धरलं.

सुया थांबल्या. म्हातारीने डोळे मिटले. बाईंना सुरातलं काही कळत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. म्हातारीची हनुवटी थरथरली, मग स्थिर झाली.

"कोण गातंय, आई?"

"मोठा."

"नीट ऐका."

"ऐकलं. मोठाच." सुया पुन्हा चालू झाल्या. "धाकट्याला नळीतून भरवतात म्हणे. दुखतं का त्याला?"

"मी गाण्याचं विचारलं, आणि तुम्हाला धाकटा आठवला."

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते. "पोरी, तुला किती मुलं?"

"एक."

"मग तू मला शहाणपण शिकवू नकोस. मला दोन होती. एक काल गेल्यातच जमा झाला. आता दुसराही माझ्याच तोंडाने घालवू? ज्याचं नाव आहे, त्याचं राहू दे. धाकट्याला सवय आहे."

हवालदार बाहेर येऊन भिंतीला टेकला. "बाई, मला पाणी हवंय," एवढंच म्हणाला.

६

दादाच्या दिवाणखान्यात फुलांचे गुच्छ मावत नव्हते. बाईंनी येताना व्हायोलिनवाला, व्यवस्थापक आणि रेकॉर्डिस्ट यांनाही बोलावून घेतलं होतं. दादा खुर्चीत बसला होता, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं.

"कोणी केलं, कळलं?" त्याने विचारलं.

"कळलं. सगळे तुमच्या वैऱ्याला शोधत होते, कारण तुम्हीच म्हणालात, थर्मास माझा. तो तुमचा नव्हता. मुलीच्या शाळेचा थर्मास होता, वर वाटी बसवलेला. चुकीचा माणूस जळालाच नाही. ज्याला जाळायचं होतं, तोच जळाला."

"घाबरलो होतो मी. काहीतरी बोलून गेलो असेन."

"वार्ताहरांना तीनदा सांगितलंत. बरं. आता पुढचं. जो गात नाही, तो रोज गुळण्या करत होता. जो सहा फूट उंच आहे, तो म्हणे त्याच्या छातीशी असलेल्या माइकमध्ये गात होता. ज्याला गाताना समोर माणसं लागायची, तो अकरा महिने दार लावून बसला. आणि गाणी विकली, तर वीस शहरांत उभं राहून गावं लागणार होतं. फुकट दिली, तर एकाही नाही. तुम्ही दानशूर नाही झालात, दादा. तुम्हाला गाता येत नव्हतं. दुसऱ्याची वस्तू फुकट वाटणं सोपं असतं."

व्यवस्थापकाने खुर्चीचा हात घट्ट धरला. व्हायोलिनवाला दादाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"यातलं काहीच सिद्ध होत नाही," दादा शांतपणे म्हणाला. "आवाज माझा आहे, असं माझी सख्खी आई सांगते. नसेल, तर ज्याचा आहे त्याला आणा. गाऊ दे."

आणि तो हसला. अगदी थोडा. हवालदाराने ते हसू पाहिलं, आणि घरात फ्रेम करून लावलेला दादाचा फोटो त्याच्या मनातून त्याच क्षणी उतरला.

"तुमचा हिशोब चांगला होता," बाई म्हणाल्या. "त्याचा गळा गेला की पुरावा गेला. पण पुरावा त्याच्या गळ्यात नव्हता. तुमच्या गळ्यात आहे. घशाचे डॉक्टर खाली गाडीत बसलेत. पाच मिनिटं तोंड उघडायचं. त्याआधी वरची दोन बटणं काढा."

दादा हलला नाही. हवालदारच पुढे झाला. कालपर्यंत या माणसाच्या पाया पडायला मिळावं म्हणून तो नवस बोलला असता. आज त्याने कॉलर खाली ओढली. गळ्याच्या खळीवर आडवा, गुलाबी व्रण होता.

"गाठ काढली," दादाचा आवाज आता बसल्यासारखा झाला. "नस दुखावली. बोलता येतं. वर जाता येत नाही. मी किती प्रयत्न केले..." त्याने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं; कोणीतरी आपल्या बाजूने मान हलवेल, असं त्याला खरंच वाटत असावं. "मी त्याला मारलं नाही. मारायचंच नव्हतं. नुसता आवाज घेतला. चाळीस वर्षांत त्याने तो वापरला तरी कुठे होता?"

रेकॉर्डिस्ट उठला आणि जळका हात पोटाशी धरून खोलीबाहेर गेला.

७

गाणी मात्र परत घेता आली नाहीत. लाखो लोकांकडे ती पोचली होती, दादाच्या नावानेच. अटकेची बातमी आली तरी लोक म्हणत होते, माणूस कसा का असेना, काय गायलाय!

सहाव्या दिवशी शेपूट शुद्धीवर नीट आला. गळ्यात नळी, पण डोळे जागे. बाई जबाब घ्यायला गेल्या, तर आई त्याच्या उशाशी आधीच येऊन बसलेली. तिने एक कागद लिहून आणला होता. 'मीच चुकून दाणे मीठ समजून टाकले.' खाली सहीची जागा मोकळी.

"सही कर, बाळा," ती त्याचे केस मागे सारत होती. "तुझं तर झालं ते झालं. तो तुरुंगात मरेल रे."

शेपटाची बायको दारात थिजून उभी होती; आईंनी पोलिसांना काय सांगितलं, ते तिने त्याला सकाळीच सांगितलं होतं. बाई पुढे निघाल्या, पण शेपटाने हाताने त्यांना थांबवलं. त्याने कागद वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आईला दाखवलं: गाणं ऐकलंस का?

"ऐकलं."

त्याने लिहिलं: ओळखलंस?

म्हातारीने त्याच्या केसांवरून हात काढून घेतला. "पहिल्याच सुराला," ती म्हणाली.

त्याने तो कागद बाजूला सारला. मग त्याने बाईंकडे नवा कागद मागितला आणि तासभर थांबत थांबत लिहीत बसला. अडीच पानं भरली. वर त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. हवालदाराने ते दोनदा वाचलं, कारण ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचावा लागतो," बाई म्हणाल्या. "मी वाचते."

त्याने मान हलवली. नाही. बायकोने हात पुढे केला. तिलाही नाही. त्याने ती पानं उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"मला चष्मा नाही," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता.

त्याने वरचं पान उचलून तिच्या हातात दिलं.

म्हातारी वाचू लागली. थोरल्याने त्याला कसं बोलावलं, दार लावून तो कसा गायला, पहिल्या गाण्यानंतर थोरला कसा तोंड फिरवून उभा राहिला, आणि त्या सकाळी फाटक उघडून परत येताना त्याने थोरल्याला सरावाच्या खोलीतून बाहेर पडताना कसं पाहिलं. तिचा आवाज कोरडा होता, पण तुटला नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटी ती अडखळली. पुढची ओळ तिने मनातल्या मनात वाचली आणि कागद खाली घेतला.

शेपटाने बोट त्या ओळीवर टेकवलं.

"नको रे," ती म्हणाली.

बोट तिथेच राहिलं. यंत्र श्वास घेत होतं. हवालदाराचं पेन कागदावर थांबलेलं होतं.

"माझ्या आईने," म्हातारीने वाचलं, "पोलिसांना दिलेली साक्ष खोटी आहे."

मग त्याने बोट काढलं, आणि ती तिसऱ्या पानावर गेली.